‘चार्ज’ शब्द नीट वापरायचा कसा: अर्थ, पर्यायी शब्द आणि नेहमीच्या चुका

मोबाइल चार्जला लावला, नव्या साहेबांनी चार्ज घेतला, डॉक्टरांनी पाचशे रुपये चार्ज केले, पोलिसांनी चार्जशीट दाखल केले, मोर्चावर लाठीचार्ज झाला. ही पाचही वाक्ये मराठी घरात सहज बोलली जातात आणि कोणालाही त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही. अडचण येते ती पुढे. बँकेच्या पत्रात ‘क्रिएशन ऑफ चार्ज’ असे येते, अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ‘चार्ज्ड’ नावाचा रकाना दिसतो किंवा परदेशातली एखादी बातमी मराठीत आणायची असते, आणि ओळखीचा शब्द एकदम परका होतो. शब्दकोश उघडावा तर तिथे वीस-पंचवीस अर्थ ओळीने मांडलेले असतात. त्यातला कोणता उचलायचा, हे शब्दकोश सांगत नाही. ते ठरवण्याची रीत या लेखात दिली आहे.

सगळ्यात आधी: हा शब्द ओझ्याचा आहे

लॅटिन भाषेत ‘कॅरस’ म्हणजे गाडा. गाड्यावर माल लादण्याला उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कॅरिकारे’ म्हणू लागले. तोच शब्द जुन्या फ्रेंचमधून १३व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आला, तेव्हा त्याचा अर्थ ओझे एवढाच होता. कार, कॅरी, कार्गो हे त्याच गाड्याचे नातेवाईक. कॅरिकेचरसुद्धा त्यांच्यातलेच, कारण व्यंगचित्रात चेहऱ्याच्या एखाद्या खुणेवर जादा भार टाकलेला असतो.

हे मूळ लक्षात ठेवले की अर्थांचा गुंता बराच सुटतो. ग्राहकावर पैशांचे ओझे टाकले की दर आकारला. माणसावर कामाचे ओझे टाकले की कार्यभार दिला. दोषाचे टाकले की आरोप ठेवला. जमिनीवर कर्जाचे चढले की बोजा. बॅटरीत वीज भरली, तोफेत दारू भरली, भट्टीत लोखंड भरले, तरी इंग्रजीत शब्द चार्जच.

मराठीनेही याच वाटेने शब्द घडवले आहेत. पदभार, कार्यभार, प्रभारी, अधिभार, भारित, पुनर्भरण हे सगळे ‘भृ’ म्हणजे वाहणे या एकाच संस्कृत धातूपासून आलेले. त्यामुळे चार्ज किंवा त्याच्या पोटातल्या एखाद्या शब्दाला मराठी पर्याय शोधताना आधी भार आणि भरणे या घराण्यात पाहावे. निम्म्याहून अधिक वेळा शब्द तिथेच सापडतो.

अर्थ ओळखण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी: वाक्यात चार्ज नाम आहे की क्रियापद, ते पाहा. नाम असेल तर एकवचन की अनेकवचन, हेही पाहा. ‘चार्जेस’ असे अनेकवचन आले तर बहुतेक वेळा पैसे किंवा आरोप, यांपैकी एक असते. बॅटरीच्या, कारभाराच्या किंवा जबाबदारीच्या अर्थाने अनेकवचन सहसा येत नाही.

दुसरी पायरी: क्रियापद असेल तर कर्ता कोण आहे ते पाहा. पुढची तीन वाक्ये वाचा. ‘द लॉयर चार्ज्ड हिम’, ‘द पोलीस चार्ज्ड हिम’, ‘द बुल चार्ज्ड हिम’. कर्ता सोडला तर शब्द तेच आहेत. वकिलाने त्याच्याकडून फी घेतली, पोलिसांनी त्याच्यावर आरोप ठेवला, बैल त्याच्या अंगावर धावून गेला. अर्थ फिरवला तो फक्त कर्त्याने.

तिसरी पायरी: चार्जनंतर येणारा छोटा शब्द. इंग्रजीत खरी किल्ली हीच आहे आणि मराठी माणसाच्या चुकाही इथेच होतात. ‘फॉर’ आला तर पैसे: कशाबद्दल किती घेतले. ‘विथ’ आला तर तीन शक्यता: गुन्ह्याचा आरोप, सोपवलेले काम, किंवा भरलेली वीज अथवा भावना. ‘ॲट’ आला तर धावून जाणे. ‘टू’ आला तर खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा ते. ‘ऑन’ आला तर मालमत्तेवरचा किंवा निधीवरचा बोजा. ‘अगेन्स्ट’ आला तर आरोप, आणि हिशेबात असेल तर नफ्यातून वजा केलेली रक्कम.

चौथी पायरी: वाक्याला मराठीत विचारा, ‘कोणी, कोणावर, काय लादले?’ उत्तर मिळाले की क्रियापद आपोआप येते. आकारणे, सोपवणे, आरोप ठेवणे, बोजा चढवणे, भरणे, धावून जाणे या सहांपैकी एकात बहुतेक वाक्ये बसतात.

पाचवी पायरी म्हणजे पडताळणी. चार्ज काढून तिथे जवळचा दुसरा इंग्रजी शब्द घाला आणि वाक्य अजून तेच सांगते का ते पाहा. ‘बिल’ बसला तर पैशांचा अर्थ, ‘अक्यूज’ बसला तर आरोपाचा, ‘एन्ट्रस्ट’ बसला तर जबाबदारीचा, ‘रश’ बसला तर हल्ल्याचा. एकही बसला नाही तर बहुधा तांत्रिक अर्थ आहे. तो त्या त्या विषयाच्या परिभाषेत शोधावा. शासकीय आणि न्यायालयीन शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश आणि न्याय व्यवहार कोश हाताशी ठेवावेत.

पैशांचा चार्ज: आकार, शुल्क, फी, भाडे

मराठीत या अर्थाचा नेमका शब्द आहे ‘आकार’ आणि क्रियापद ‘आकारणे’. तो पुस्तकी वाटतो, पण महावितरणचे बिल काढून पाहा. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे रकाने असतात आणि त्यांच्यापासून वेगळे ‘वीज शुल्क’ असते. हा भेद नेमका आहे. पहिले तीन पुरवठ्यापोटी घेतलेले चार्ज आहेत, तर वीज शुल्क ही सरकारने लावलेली ड्यूटी आहे. मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क यांतही शुल्क म्हणजे ड्यूटीच. म्हणून सरकारी कागदाचे भाषांतर करताना प्रत्येक चार्जला डोळे झाकून शुल्क लिहू नये. त्याच कागदात पुढे ड्यूटी आली तर शब्द उरत नाही.

रोजच्या व्यवहारात मात्र शुल्क हा शब्द सेवेच्या मोबदल्यालाही रुळला आहे: प्रवेश शुल्क, विलंब शुल्क, सेवा शुल्क. गृहनिर्माण संस्थेत सदनिका भाड्याने दिली की जे ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ लागतात, त्यांना बिनभोगवटा शुल्क म्हणतात. महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही आणि त्या हिशेबात महापालिकेचे कर धरायचे नसतात. बिल मिळाले की आधी तेवढे तपासावे.

इंग्रजीत लिहिताना मात्र चार्ज, फी, फेअर, प्राइस, कॉस्ट, रेंट, टोल यांची अदलाबदल चालत नाही. प्राइस म्हणजे वस्तूची किंमत: दुकानातल्या कुकरची प्राइस असते, चार्ज नसतो. तो कुकर घरी पोहोचवण्याचा मात्र चार्ज असतो. डॉक्टर, वकील, शिकवणीचे शिक्षक आणि परीक्षा मंडळे यांची फी. बस, रेल्वे, रिक्षा यांचे फेअर. जागा काही काळासाठी वापरायला घेतली तर रेंट, रस्ता किंवा पूल ओलांडला तर टोल. कॉस्ट म्हणजे करणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला पडलेला खर्च. सुताराला लाकूड आणि मजुरी मिळून ४,००० रुपये लागले तर ती त्याची कॉस्ट, आणि त्याने तुमच्याकडून ५,५०० घेतले तर ते त्याने चार्ज केले.

गंमत म्हणजे यातली कोणतीही रक्कम ‘घेणे’ या क्रियेला इंग्रजीत चार्जच चालते. ‘ही चार्ज्ड अ फी’, ‘दे चार्ज अ टोल’ ही वाक्ये बरोबर आहेत. नाम निवडताना काळजी घ्यायची, क्रियापद निवडताना मोकळे राहायचे.

वाक्याची रचनाही नीट पाहावी. क्रम असा असतो: कोणी, चार्ज्ड, कोणाला, किती, फॉर, कशासाठी. ‘द मेकॅनिक चार्ज्ड मी एट हंड्रेड रुपीज फॉर द रिपेअर.’ मराठीच्या सवयीने ‘चार्ज्ड टू मी’ किंवा ‘चार्ज्ड फ्रॉम मी’ लिहिले जाते. मराठीत ‘माझ्याकडून घेतले’ असे असते म्हणून हात तसा वळतो, पण इंग्रजीत माणसाचे नाव चार्जनंतर थेट येते, मध्ये काही नाही. ‘टू’ लावला की अर्थ बदलतो: ‘चार्ज इट टू माय रूम’ म्हणजे हॉटेलातल्या जेवणाचे पैसे आत्ता देत नाही, माझ्या खोलीच्या बिलात धरा. यासाठी मराठीत जुना आणि चोख वाक्प्रयोग आहे, माझ्या नावे टाका. जमाखर्चाची भाषाही हीच आहे.

हिशेबनिसांसाठी एक सूचना. ‘डेप्रिसिएशन इज चार्ज्ड’ याचे मराठी ‘घसारा आकारला जातो’. पैसे कोणाला दिले जात नाहीत, तरी नफ्यावर त्याचा भार पडतो, म्हणून तो चार्ज.

आरोपाचा चार्ज: इथे चूक महागात पडते

बातमीत किंवा अर्जात या अर्थाची चूक झाली तर एखाद्या माणसाच्या अब्रूचा प्रश्न होतो. म्हणून इथे सावकाश जावे.

भारतीय फौजदारी प्रक्रियेत चार वेगवेगळे टप्पे असतात. आधी एफआयआर नोंदवला जातो. त्याला मराठीत ‘गुन्हा दाखल झाला’ म्हणतात. मग तपास होतो. तपास संपला की पोलीस न्यायालयात अहवाल देतात, तेच चार्जशीट. पोलिसांच्या आणि शासकीय कागदांत त्याला दोषारोपपत्र म्हणतात, वर्तमानपत्रांत आरोपपत्रही चालते. त्यानंतर न्यायाधीश कागद पाहून ठरवतात की खटला चालवण्याजोगे काही आहे का. आहे असे वाटले तर ते ‘चार्ज फ्रेम’ करतात. मराठीत आरोप निश्चिती. नेमक्या कायदेशीर अर्थाने माणूस ‘चार्ज्ड’ होतो तो या शेवटच्या टप्प्यावर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पोलिसांच्या अहवालाची तरतूद कलम १९३ मध्ये आहे, सत्र न्यायालयातील आरोप निश्चितीची कलम २५१ मध्ये. आधीच्या १९७३ च्या संहितेत ती कलमे १७३ आणि २२८ होती. जुनी कागदपत्रे वाचताना हे आकडे उपयोगी पडतात.

आता चुका पाहू. परदेशी बातमीत ‘ही वॉज चार्ज्ड विथ फ्रॉड’ असे असते आणि मराठीत ‘त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल’ असे छापले जाते. ब्रिटन-अमेरिकेत चार्ज होणे हा एफआयआरच्या पुढचा टप्पा आहे. ‘त्याच्यावर फसवणुकीचा आरोप ठेवण्यात आला’ हे बरोबर. उलट, आपल्याकडे नुसता एफआयआर झाला असताना इंग्रजीत ‘चार्ज्ड’ लिहिणे चुकीचे आहे; तिथे ‘बुक्ड’ किंवा ‘अ केस वॉज रजिस्टर्ड’ लिहावे. आणि चार्ज्डचे भाषांतर ‘दोषी ठरला’ असे तर कधीच करू नये. दोषी ठरणे म्हणजे ‘कन्व्हिक्टेड’, आणि तो टप्पा सगळा खटला चालल्यानंतर येतो.

जवळच्या शब्दांतले अंतर असे. ‘अक्यूज’ कोणीही कोणालाही करू शकतो, शेजारी शेजाऱ्यालासुद्धा. ‘चार्ज’ करायला अधिकार लागतो. ‘अलेज’ म्हणजे पुरावा पुढे न येता एखादी गोष्ट घडल्याचे म्हणणे. त्याचा कर्म माणूस नसतो, घटना असते. ‘इन्डाइट’ हा मुख्यतः अमेरिकेतला शब्द, तिथे ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, ठेवलेल्या आरोपासाठी. ‘इम्पीच’ राष्ट्रपती, न्यायाधीश अशा पदांवरच्या व्यक्तींसाठी, मराठीत महाभियोग. ‘ब्लेम’ सगळ्यात सौम्य, दोष देणे. त्यात न्यायालय नाहीच.

या शब्दांनंतरचे छोटे शब्द पाठच करावेत: अक्यूज्ड ऑफ, चार्ज्ड विथ, कन्व्हिक्टेड ऑफ, ब्लेम्ड फॉर. ‘चार्ज्ड फॉर मर्डर’ असे लिहिले तर इंग्रजी वाचणाऱ्याला क्षणभर वाटते की खुनाचे पैसे घेतले. नाम वापरले तर मात्र ‘ऑफ’ येतो: ‘ऑन अ चार्ज ऑफ मर्डर’, म्हणजे खुनाच्या आरोपावरून.

सरकारी नोकरीतले चार्जशीट वेगळे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली विभागीय चौकशीत जे दोषारोपपत्र बजावले जाते, त्याचा फौजदारी न्यायालयाशी संबंध नसतो. एकाच घटनेवरून दोन्ही चालू असू शकतात. म्हणून ‘चार्जशीट मिळाले’ एवढेच वाक्य पुढे आले तर ते ‘दाखल झाले’ की ‘बजावले’, हे विचारून घ्यावे. न्यायालयात दाखल करतात, कर्मचाऱ्यावर बजावतात.

डिस्चार्ज: ओझे उतरले

चार्ज म्हणजे लादणे, तर डिस्चार्ज म्हणजे उतरवणे. न्यायालयात डिस्चार्ज म्हणजे दोषमुक्ती: आरोप निश्चितीच्या आधीच न्यायाधीशांना खटला चालवण्याजोगे काही दिसत नाही आणि ते माणसाला सोडतात. खटला पूर्ण चालून सुटका झाली तर ती ‘अक्विटल’, निर्दोष मुक्तता. दोन्हींना ‘निर्दोष सुटका’ असे सरसकट लिहिले जाते, ते टाळावे. दोषमुक्त झालेल्या माणसाचा खटला उभाच राहिलेला नसतो.

रुग्णालयातल्या डिस्चार्जला ‘घरी सोडले’ याहून चांगले मराठी नाही. जखमेतला डिस्चार्ज म्हणजे स्राव. पावसाळ्यात धरणातून सोडलेल्या पाण्याचा डिस्चार्ज म्हणजे विसर्ग, आणि तो क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. ‘दहा हजार क्युसेक पाणी सोडले’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. क्युसेक हा वेग आहे, साठा नव्हे. ‘दहा हजार क्युसेकने विसर्ग सुरू’ हे बरोबर.

जमिनीवरचा चार्ज

सातबारा वाचणाऱ्या कोणालाही हा अर्थ शिकवावा लागत नाही, कारण त्याचा मराठी शब्द गावोगाव तोंडी आहे: बोजा. पीककर्ज घेतले की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढतो, कर्ज फिटले की फेरफाराने तो उतरवून घ्यावा लागतो. कर्ज फेडले म्हणजे बोजा आपोआप गेला, असा समज चुकीचा आहे. बँकेचा बेबाकीचा दाखला घेऊन नोंद कमी करून घेतल्याशिवाय जमीन विकताना अडचण येते.

बोजा आणि गहाण एक नव्हेत. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्ये गहाणाची व्याख्या कलम ५८ मध्ये आहे आणि चार्जची कलम १०० मध्ये. गहाणात मालमत्तेतील हितसंबंध धनकोकडे जातो. चार्जमध्ये तो जात नाही, मालमत्ता केवळ त्या रकमेला तारण राहते. सहकारी संस्थांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली कर्जासाठी जमिनीवर बोजा राहील असे सभासद स्वतः लिहून देतो त्याला इकरार म्हणतात, आणि त्यातून जो बोजा चढतो त्याला बोलताना ‘इकरार बोजा’. इंग्रजी कागदात ‘मॉर्गेज’, ‘चार्ज’ आणि ‘लीन’ शेजारी शेजारी आले तर अनुक्रमे गहाण, बोजा आणि धारणाधिकार (येणे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क) असे तीन वेगळे शब्द वापरावेत. तिन्हींना ‘तारण’ लिहिले तर मूळ मजकुरातला भेदच पुसला जातो.

कंपन्यांच्या बाबतीत हा बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ७७ प्रमाणे त्यासाठी ३० दिवस असतात. पुढे जादा शुल्क भरून मुदत वाढते. ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’ असा शब्द आला तर त्याचा समाधानाशी काही संबंध नाही. तो बोजा फिटल्याची नोंद आहे.

याच घरातला आणखी एक अर्थ अर्थसंकल्पात आहे. राज्याच्या खर्चाचे दोन भाग असतात: ‘व्होटेड’ म्हणजे दत्तमत, मतदानाने मंजूर होणारा, आणि ‘चार्ज्ड’ म्हणजे भारित. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, राज्याच्या कर्जावरचे व्याज हे संविधानाच्या अनुच्छेद २०२ नुसार थेट राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असते. त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. ‘चार्ज्ड एक्स्पेंडिचर’चे ‘आकारलेला खर्च’ असे भाषांतर केले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

जबाबदारीचा चार्ज

पदभार, कार्यभार, प्रभार हे तीन शब्द मराठीत जवळजवळ एकासारखे वापरले जातात, पण थोडा भेद आहे. नेमणूक झालेला माणूस पदाचा पदभार स्वीकारतो. दुसऱ्या पदाचे काम तात्पुरते सोपवले तर अतिरिक्त कार्यभार. कायम नेमणूक नसताना कारभार पाहणारा तो प्रभारी: प्रभारी मुख्याध्यापक, प्रभारी अधिकारी.

इंग्रजीत इथे एका ‘द’ने अर्थ उलटा होतो. ‘शी इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल तिच्या देखरेखीखाली आहे. ‘शी इज इन द चार्ज ऑफ हर आंट’ म्हणजे तीच मावशीच्या देखरेखीखाली आहे. पहिल्यात ती सांभाळते, दुसऱ्यात तिला सांभाळतात. तसेच ‘हर चार्जेस’ म्हणजे तिच्या स्वाधीन असलेली मुले. चार्ज अनेकवचनात येऊन पैसे किंवा आरोप नसण्याची ही एक जागा, आणि जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत ती वारंवार भेटते.

‘इनचार्ज’ हा जोडून लिहिलेला शब्द नाम म्हणून भारतात चालतो: ‘लॅबचे इनचार्ज’. परदेशात पाठवायच्या अर्जात मात्र ‘ऑफिसर इन चार्ज’ किंवा ‘हेड’ लिहावे, आणि अनेकवचन करताना ‘ऑफिसर्स इन चार्ज’.

वीज आणि बॅटरी

शाळेच्या विज्ञानात चार्जला विद्युतप्रभार म्हणतात: धनप्रभार, ऋणप्रभार. धन आणि ऋण ही नावे बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास रूढ केली. इथे प्रभारच लिहावे, ‘विद्युतभार’ नको. कारण भार हा शब्द ‘लोड’साठी गुंतलेला आहे, लोडशेडिंगला आपण भारनियमन म्हणतो. एका परिच्छेदात चार्ज आणि लोड दोन्ही आले आणि दोन्हींना भार लिहिले, तर विद्यार्थी गोंधळतो.

प्रभाराचे एकक कूलोम. एका सेकंदात एक कूलोम प्रभार वाहिला तर विद्युतधारा एक अँपिअर. मोबाइलच्या बॅटरीवर ५,००० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असते, ते प्रभाराचेच माप आहे: ५ अँपिअर गुणिले ३,६०० सेकंद, म्हणजे १८,००० कूलोम.

बोलण्यातली चूक मात्र वेगळीच. ‘माय चार्जिंग इज फिनिश्ड’ हे ‘माझं चार्जिंग संपलं’चे शब्दशः रूप आहे, आणि इंग्रजी ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ उलटा लागतो: बॅटरी पूर्ण भरली. ‘माय फोन इज डेड’ किंवा ‘माय बॅटरी हॅज रन आउट’ म्हणावे. फोन चार्जला लावला असेल तर ब्रिटिश इंग्रजीत ‘ऑन चार्ज’, अमेरिकेत ‘चार्जिंग’.

‘रिचार्ज’चे मोबाइलमध्ये मराठी करण्याची गरज नाही. पण विहिरीचा किंवा भूजलाचा रिचार्ज असेल तर पुनर्भरण. हा शब्द शेतकऱ्यांना ठाऊक आहे. ‘सरचार्ज’ म्हणजे अधिभार.

दारू, भट्टी, हल्ला आणि वातावरण

तोफेत किंवा बंदुकीत भरलेल्या दारूला मराठीत ‘बार’ म्हणतात. बार भरणे म्हणजे चार्ज करणे, बार उडवणे म्हणजे डिस्चार्ज करणे. ओतशाळेत कुपोला भट्टीत थरांनी टाकलेले कच्चे लोखंड, भंगार, कोक आणि चुनखडी याला कामगारही चार्जच म्हणतात; भाषांतरात ‘भट्टीचा भरणा’ पुरेसे. शीतकपाटात वायू भरण्यासाठी ‘गॅस भरला’.

हल्ल्याच्या अर्थाला भाराचा धागा लागत नाही. तो बंदुकीतल्या बाराच्या शेजारी ठेवून लक्षात ठेवावा. यात वेग हवा आणि समोरून जाणे हवे. गनिमी काव्याने केलेला छापा म्हणजे ‘रेड’, तो चार्ज नव्हे. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातल्या बालाक्लावा येथे ब्रिटिश घोडदळ रशियन तोफांवर सरळ चालून गेले, तो चार्ज. मराठीत चालून जाणे, तुटून पडणे, माणसाऐवजी जनावर असेल तर अंगावर धावून जाणे. लाठीचार्ज हा भारतीय इंग्रजीने घडवलेला शब्द आहे, मराठीत लाठीमार.

‘चार्ज्ड ॲटमॉस्फिअर’ला दोन मराठी शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गाण्याच्या मैफलीतले वातावरण भारलेले असते. दोन गट समोरासमोर उभे असलेल्या चौकातले वातावरण तंग किंवा तणावाचे असते. मूळ वाक्यात भावना कोणती, ते पाहून निवडावे.

हात बसण्यासाठी

पुढच्या वाक्यांवर पायऱ्या चालवून पाहा. ‘द म्युझियम चार्जेस नथिंग ऑन मंडेज’: कर्ता संस्था, छोटा शब्द दिवसाशी जोडलेला, म्हणून पैसे, सोमवारी संग्रहालय पाहायला पैसे पडत नाहीत. ‘ऑन’ दिसला म्हणून बोजा समजू नये. तो चार्जशी जोडलेला आहे की पुढच्या वाराशी, हे आधी बघावे. ‘द कमिटी इज चार्ज्ड विथ रिव्ह्यूइंग द रूल्स’: ‘विथ’ आहे, पण पुढे गुन्हा नाही, काम आहे, समितीकडे नियमांच्या फेरआढाव्याचे काम सोपवले आहे. ‘द बँक हॅज अ चार्ज ऑन द फॅक्टरी’: कारखान्यावर बँकेचा बोजा आहे.

आणि एक जोडी, जिथे अनुभवी भाषांतरकारही अडखळतात. ‘द मिक्सर वॉज रिपेअर्ड विदाउट चार्ज’ आणि ‘द टू मेन वर रिलीज्ड विदाउट चार्ज’. पहिल्यात मिक्सर मोफत दुरुस्त करून दिला. दुसऱ्यात त्या दोघांवर आरोप न ठेवता त्यांना सोडून दिले. ‘मोफत सोडले’ असे काही लिहिले जाऊ नये म्हणून चौथ्या पायरीवरचा प्रश्न पुन्हा विचारायचा: इथे कोणते ओझे टाकले नाही, पैशांचे की दोषाचे?